न्यू जर्सीचे राज्य प्राप्तिकर विवरणपत्र : वजावटी आणि क्रेडिट कशी मागावीत

अमेरिकेत केंद्राच्या प्राप्तिकराबरोबर बहुतेक राज्यांचा स्वतंत्र प्राप्तिकरही भरावा लागतो. एडिसन, जर्सी सिटी, प्लेन्सबरो किंवा पर्सिपनी येथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांत केंद्राचे विवरणपत्र मन लावून भरले जाते आणि राज्याचे मात्र सॉफ्टवेअर जे दाखवील ते मान्य करून पाठवले जाते. न्यू जर्सीपुरती तरी ही सवय महागात पडते. या राज्याचा १९७६ चा प्राप्तिकर कायदा केंद्राच्या समायोजित उत्पन्नापासून सुरुवात करत नाही. पगार, व्याज, लाभांश, भांडवली नफा, भाडे असे उत्पन्नाचे वर्ग तो स्वतः ठरवतो, त्यांची बेरीज करतो आणि त्यातून आपल्याच यादीतल्या वजावटी देतो. केंद्राची प्रमाणित, म्हणजे सर्वांना सरसकट मिळणारी ठरावीक वजावट येथे नाही. गृहकर्जाचे व्याज वजा होत नाही आणि देवळाला दिलेली देणगीही वजा होत नाही. उलट केंद्रात ज्याचा काहीच उपयोग झाला नाही असा घरभाड्याचा किंवा दवाखान्याचा खर्च येथे उपयोगी पडतो. पुढील आकडे २०२४ या करवर्षाचे आहेत आणि विवेचन वर्षभर न्यू जर्सीत राहिलेल्या, म्हणजे एनजे-१०४० हा फॉर्म भरणाऱ्या व्यक्तीला धरून केले आहे.

दोन शब्दांतला फरक आरंभीच स्पष्ट असावा. वजावट करपात्र उत्पन्नातून कमी होते, त्यामुळे १,००० डॉलरच्या वजावटीने कर किती वाचेल हे आपल्या दरावर अवलंबून असते. क्रेडिट थेट करातून कमी होते. त्यातही काही क्रेडिटे परतावायोग्य असतात, म्हणजे कर शून्यावर आल्यानंतरही उरलेली रक्कम हाती येते. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यासाठी राज्याचे दर पहिल्या २०,००० डॉलरला १.४ टक्के, ५०,००० पर्यंत १.७५, ७०,००० पर्यंत २.४५, ८०,००० पर्यंत ३.५, १,५०,००० पर्यंत ५.५२५ आणि ५,००,००० पर्यंत ६.३७ टक्के असे चढत जातात. आपल्या उत्पन्नाचा शेवटचा डॉलर कोणत्या पायरीवर पडतो हे लिहून ठेवावे, कारण पुढच्या प्रत्येक निवडीत तो दर लागणार आहे.

पगाराचा आकडा आधी पक्का करा

डब्ल्यू-२, म्हणजे मालकाने वर्षअखेरीस दिलेला पगाराचा दाखला, त्याच्या पहिल्या चौकटीत केंद्राचा करपात्र पगार असतो आणि सोळाव्या चौकटीत राज्याचा. न्यू जर्सीच्या ओळीवर दुसरा आकडा अनेकदा मोठा असतो आणि त्यामुळे लोक गोंधळतात, परंतु त्यात चूक नसते. कंपनीमार्फत करपूर्व कापला जाणारा आरोग्य विम्याचा हप्ता केंद्र पगारातून वगळते, न्यू जर्सी वगळत नाही. आरोग्य बचत खात्यात, म्हणजे एचएसएमध्ये, आपण टाकलेली रक्कमही येथे करपात्र राहते. ४०१(के) या कंपनीमार्फत चालणाऱ्या निवृत्ती योजनेतली आपली वर्गणी हे राज्य वगळते, मात्र विद्यापीठांत व रुग्णालयांत चालणाऱ्या ४०३(बी) योजनेतली वर्गणी वगळत नाही. पारंपरिक आयआरएमध्ये, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात, भरलेल्या रकमेवरही येथे वजावट नाही. म्हणून त्या वर्गणीची नोंद निवृत्तीपर्यंत जपून ठेवावी. ज्या रकमेवर राज्याने एकदा कर घेतला आहे ती पुढे काढताना पुन्हा करपात्र होत नाही, पण ते दाखवण्याची जबाबदारी आपली असते.

तोट्याबाबतही राज्याचा नियम कडक आहे. शेअर विकून झालेला निव्वळ तोटा केंद्रात ३,००० डॉलरपर्यंत इतर उत्पन्नातून वजा होतो आणि उरलेला पुढच्या वर्षी नेता येतो. न्यू जर्सीत एका वर्गातला तोटा दुसऱ्या वर्गातल्या उत्पन्नातून वजा होत नाही आणि भांडवली तोटा पुढेही नेता येत नाही. दुसऱ्या बाजूला, अमेरिकी सरकारच्या रोख्यांवरचे व्याज राज्य करातून मुक्त आहे. मनी मार्केट फंडातल्या लाभांशाचा काही भाग अशा व्याजाचा असू शकतो. फंड कंपनी वर्षअखेरीस त्याची टक्केवारी जाहीर करते, ती शोधून तेवढा भाग वगळावा. सॉफ्टवेअरला ही टक्केवारी आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

भारतातल्या ठेवींचा विषय आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा आहे. एनआरओ ठेवीवरचे व्याज, तसेच भारतात करमुक्त असलेले एनआरई ठेवीचे व्याज, दोन्ही न्यू जर्सीच्या रहिवाशाला येथे दाखवावे लागते. भारतात कापलेल्या टीडीएसचे क्रेडिट केंद्राच्या १११६ क्रमांकाच्या फॉर्मवर मागता येते. न्यू जर्सी मात्र परदेशात भरलेल्या कराचे कोणतेही क्रेडिट देत नाही. दुसरीकडे भरलेल्या कराचे जे क्रेडिट पुढे सविस्तर पाहणार आहोत, ते अमेरिकेतली राज्ये, त्यांचे स्थानिक विभाग आणि वॉशिंग्टन डीसी यांच्यापुरतेच आहे. भारतातला कर त्या क्रेडिटच्या तक्त्यात भरल्यास दावा नाकारला जातो.

वैयक्तिक सूट आणि वैद्यकीय खर्च

स्वतःसाठी १,००० डॉलर आणि जोडीदारासाठी १,००० डॉलर ही मूळ सूट आहे. ६५ वर्षे पूर्ण झाल्यास आणखी १,०००, अंध किंवा अपंग असल्यास १,०००, अमेरिकी सैन्यातून सन्मानाने सेवामुक्त झालेल्यांस ६,००० आणि प्रत्येक अवलंबित मुलासाठी १,५०० डॉलर मिळतात. बावीस वर्षांखालील अवलंबित मूल महाविद्यालयात पूर्णवेळ शिकत असेल आणि त्याच्या शुल्काचा निम्मा किंवा अधिक भाग पालक देत असतील, तर त्याच्यासाठी आणखी १,००० डॉलरची सूट असते. तिची चौकट वेगळी आहे आणि ती रिकामी राहिलेली अनेक विवरणपत्रांत दिसते. वर्षातले काही महिनेच न्यू जर्सीत राहिलेल्यांना या सुटी महिन्यांच्या प्रमाणात मिळतात. भारतात राहणारे आईवडील अवलंबित धरले जात नाहीत, मग त्यांना आपण दरमहा पैसे पाठवत असलो तरीही.

वैद्यकीय खर्चाची वजावट ही या राज्याने दिलेली खरोखर उदार सवलत आहे. केंद्रात हा खर्च उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवर गेला आणि प्रमाणित वजावटीऐवजी बाबवार वजावटी घेतल्या तरच उपयोगी पडतो. न्यू जर्सीत तो एकूण उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर गेला की पुरे. मघाशी उल्लेख केलेला विम्याचा हप्ता येथे उपयोगी येतो. राज्याने तो पगारात धरून त्यावर कर लावलेला असल्यामुळे तो वैद्यकीय खर्चात मोजता येतो. समजा राज्याचे एकूण उत्पन्न १,००,००० डॉलर आहे, वर्षभरात पगारातून ४,८०० डॉलर विम्यासाठी कापले गेले आणि दंतवैद्य, चष्मा व औषधे मिळून १,२०० डॉलर स्वतःच्या खिशातून गेले. एकूण ६,००० डॉलरमधून दोन टक्के म्हणजे २,००० डॉलर वजा जाता ४,००० डॉलरची वजावट मिळते. विम्याच्या हप्त्याचा आकडा डब्ल्यू-२ च्या चौदाव्या चौकटीत असतो, नसल्यास डिसेंबरच्या शेवटच्या पगारपत्रकावर वर्षाची बेरीज सापडते. विमा कंपनीने परत दिलेला खर्च धरू नये. भेटीला आलेल्या आईवडिलांसाठी घेतलेल्या प्रवासी विम्याचा खर्चही येथे बसत नाही.

२०२२ पासून शिक्षणासाठी तीन वजावटी आल्या आहेत आणि एकूण उत्पन्न २,००,००० डॉलर किंवा त्याहून कमी असणाऱ्यांना त्या घेता येतात. एनजेबेस्ट या राज्याच्या ५२९ योजनेत, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत योजनेत, भरलेली रक्कम १०,००० डॉलरपर्यंत, न्यू जर्सीतल्या उच्च शिक्षण संस्थेचे शिक्षणशुल्क १०,००० डॉलरपर्यंत आणि एनजेक्लास शैक्षणिक कर्जाची परतफेड २,५०० डॉलरपर्यंत वजा होते. दुसऱ्या राज्याच्या ५२९ योजनेतली गुंतवणूक कितीही चांगली असली तरी येथे मोजली जात नाही.

घरभाडे आणि मालमत्ता कर

भाड्याने राहणाऱ्याने वर्षभरात दिलेल्या भाड्याचे १८ टक्के हा मालमत्ता कर समजला जातो. घरमालकाच्या बाबतीत राहत्या घरावर त्या वर्षात देय असलेला आणि प्रत्यक्ष भरलेला कर धरतात. या रकमेची १५,००० डॉलरपर्यंत वजावट घेता येते किंवा तिच्याऐवजी ५० डॉलरचे परतावायोग्य क्रेडिट घेता येते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

पात्रतेच्या अटी नीट वाचाव्यात. घर आपले मुख्य निवासस्थान असले पाहिजे आणि भाड्याच्या घराला स्वतंत्र स्वयंपाकघर व न्हाणीघर असले पाहिजे. अनेक जण मिळून राहत असतील तर प्रत्येकाने आपण दिलेल्या भाड्यापुरताच दावा करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या इमारतीवर स्थानिक मालमत्ता कर लागू असला पाहिजे. जर्सी सिटीतल्या अनेक नव्या उंच इमारतींना नगरपालिकेने कराऐवजी ठरावीक रक्कम भरण्याची, म्हणजे पायलट नावाची, सवलत दिलेली आहे आणि अशा इमारतीतल्या रहिवाशाला ही वजावट मिळत नाही. भाडे तितकेच भारी असते, पण कायद्याच्या दृष्टीने त्या भाड्यात मालमत्ता कर नसतो. व्यवस्थापन कार्यालयाला ईमेलने हा एकच प्रश्न विचारावा आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

ज्या वर्षी घर घेतले त्या वर्षी आधीच्या महिन्यांच्या भाड्याचे १८ टक्के आणि नंतरच्या महिन्यांचा मालमत्ता कर, दोन्हींची बेरीज करता येते. खरेदीच्या दिवशी विकणाऱ्याला परत दिलेला कराचा हिस्सा समायोजनाच्या कागदावर असतो, तो विसरू नये. राज्याची अँकर ही घरपट्टी साहाय्य योजना यापासून पूर्णपणे वेगळी आहे. तिचा अर्ज विवरणपत्राबाहेर केला जातो, त्यामुळे विवरणपत्रात वजावट घेतली म्हणून अँकरचा अर्ज झाला असे समजू नये.

न्यूयॉर्कला भरलेल्या कराचे क्रेडिट

न्यू जर्सीत राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी विवरणपत्रातला सर्वांत मोठा आकडा येथे ठरतो. न्यूयॉर्क राज्य त्यांच्याकडून अनिवासी म्हणून कर घेते, न्यू जर्सी रहिवासी म्हणून सर्व उत्पन्नावर कर आकारते आणि दुहेरी कर टाळण्यासाठी क्रेडिट देते. त्यासाठी शेड्यूल एनजे-सीओजे हा तक्ता भरावा लागतो.

क्रम मोडू नये. आधी न्यूयॉर्कचे अनिवासी विवरणपत्र, म्हणजे आयटी-२०३, पूर्ण करावे आणि त्यानंतरच न्यू जर्सीकडे वळावे. तक्त्यात भरायचा कर आयटी-२०३ वर अंतिमतः ठरलेला असतो. डब्ल्यू-२ च्या सतराव्या चौकटीत न्यूयॉर्कसाठी कापलेली रक्कम दिसते. ती आगाऊ कपात असते, त्यातला काही भाग न्यूयॉर्क परतही देऊ शकते, आणि तरीही हाच आकडा भरण्याची चूक वारंवार होते. नंतर न्यू जर्सीची नोटीस येते तेव्हा करासोबत व्याजही भरावे लागते.

क्रेडिटला दोन मर्यादा आहेत आणि त्यांतली लहान रक्कम मिळते. पहिली मर्यादा न्यूयॉर्कला प्रत्यक्ष लागलेला कर. दुसरी मर्यादा न्यू जर्सीच्या कराचा तो हिस्सा, जो दोन्ही राज्यांनी कर लावलेल्या उत्पन्नाच्या प्रमाणात येतो. विम्याच्या हप्त्यासारखी जी रक्कम फक्त न्यू जर्सीने पगारात धरली आहे, ती या प्रमाणाच्या अंशात घेऊ नये.

मालमत्ता कराची वजावट घ्यावी की ५० डॉलरचे क्रेडिट, हे वर ठरवले नव्हते; त्याचे कारण आता कळेल. एक कुटुंब धरू : दांपत्य आणि एक मूल, संपूर्ण उत्पन्न न्यूयॉर्कच्या नोकरीतले १,२०,००० डॉलर, घरभाडे महिना २,५०० डॉलर. सुटी ३,५०० डॉलर जाता करपात्र उत्पन्न १,१६,५०० आणि न्यू जर्सीचा कर सुमारे ३,६६२ डॉलर येतो. न्यूयॉर्कचा कर याहून जास्त असल्यामुळे क्रेडिट पूर्ण ३,६६२ मिळते आणि न्यू जर्सीला देणे शून्य राहते. भाड्याच्या ३०,००० डॉलरचे १८ टक्के म्हणजे ५,४०० डॉलरची वजावट घेतली तर न्यू जर्सीचा कर कमी होतो, त्याबरोबर क्रेडिटही तेवढेच कमी होते, आणि देणे पुन्हा शून्यच. ५,४०० ची वजावट वाया गेली. या कुटुंबाने ५० डॉलरचे क्रेडिट घेतले तर ते ५० डॉलर हाती येतात.

याच घरात जोडीदार न्यू जर्सीत ८०,००० डॉलर कमावत असेल तर हिशेब बदलतो. एकूण २,००,००० पैकी ६० टक्के उत्पन्न दोन्ही राज्यांत करपात्र आहे. वजावटीशिवाय न्यू जर्सीचा कर ८,४७४.५५ डॉलर, क्रेडिट त्याच्या ६० टक्के म्हणजे ५,०८४.७३, आणि देणे ३,३८९.८२. वजावट घेतल्यास कर ८,१३०.५७, क्रेडिट ४,८७८.३४ आणि देणे ३,२५२.२३. बचत १३७.५९ डॉलर होते, म्हणजे येथे वजावट ५० डॉलरपेक्षा फायद्याची आहे. सूचनापुस्तिकेत नेमकी ही तुलना करण्यासाठी वर्कशीट आय दिलेले आहे. सॉफ्टवेअर ते आपोआप भरते, पण भाड्याचा आकडा आपण दिला असेल तरच. न्यूयॉर्कमध्ये काम करतो म्हणून भाड्याचा प्रश्न ओलांडून जाणाऱ्यांचे नुकसान येथेच होते.

घरून काम केलेल्या दिवसांबाबत बरेच गैरसमज आहेत. नोकरी देणारा मालक न्यूयॉर्कचा असेल आणि घरून काम करणे ही कर्मचाऱ्याची सोय असेल, तर न्यूयॉर्क त्या दिवसांचा पगारही आपल्याच हद्दीतला मानते. अशा वेळी आयटी-२०३ वर तो पगार दाखवावा आणि न्यू जर्सीत त्यावर क्रेडिट मागावे.

पेनसिल्व्हेनियात नोकरी करणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. दोन्ही राज्यांत परस्पर करार असल्यामुळे पगारावर फक्त राहत्या राज्याचा कर लागतो. तिथल्या मालकाला आरईव्ही-४१९ हा फॉर्म देऊन कपात थांबवावी. कपात झालीच असेल तर पेनसिल्व्हेनियाचे विवरणपत्र भरून ती रक्कम परत मागावी, कारण न्यू जर्सी तिचे क्रेडिट देत नाही. फिलाडेल्फिया शहराचा वेतन कर मात्र या करारात येत नाही आणि त्याचे क्रेडिट एनजे-सीओजेवर मागता येते.

परतावायोग्य क्रेडिटे आणि जास्त कापलेली वर्गणी

पाच वर्षे किंवा त्याहून लहान मुलासाठी राज्याचे बाल क्रेडिट आहे. राज्याचे करपात्र उत्पन्न ३०,००० डॉलरपर्यंत असल्यास प्रत्येक मुलामागे १,००० डॉलर मिळतात, पुढे रक्कम टप्प्याटप्प्याने घटते आणि ८०,००० डॉलरनंतर संपते. मुलाला सोशल सिक्युरिटी क्रमांक नसून आयटीआयएन, म्हणजे फक्त करासाठी दिलेला ओळख क्रमांक, असला तरी चालतो, त्यामुळे एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या मुलांच्या पालकांनी ते अवश्य तपासावे. केंद्राचे बालसंगोपन क्रेडिट मिळाले असेल आणि राज्याचे करपात्र उत्पन्न १,५०,००० डॉलरपर्यंत असेल, तर त्या क्रेडिटचा ठरावीक टक्का न्यू जर्सी देते. सर्वांत कमी उत्पन्नाला ५० टक्के, सर्वांत वरच्या टप्प्याला १० टक्के. पाळणाघराचा ओळख क्रमांक आणि वर्षाची पावती जानेवारीतच मागून घ्यावी. केंद्राचे अर्जित उत्पन्न क्रेडिट, म्हणजे कमी कमाई असलेल्या काम करणाऱ्यांसाठीचे क्रेडिट, मिळालेल्यांना त्याच्या ४० टक्के रक्कम राज्य देते.

वर्षात नोकरी बदललेल्यांसाठी एनजे-२४५० हा फॉर्म आहे आणि आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातल्या लोकांना तो हमखास लागू पडतो. न्यू जर्सीतला प्रत्येक मालक बेरोजगारी, अपंगत्व आणि कौटुंबिक रजा विम्याची वर्गणी पहिल्या डॉलरपासून कापतो, कारण आधीच्या मालकाने किती कापले हे नव्याला ठाऊक नसते. २०२४ मध्ये एका कर्मचाऱ्यासाठी बेरोजगारी व संबंधित निधींची कमाल वर्गणी १७९.७८ डॉलर होती, अपंगत्वाची १४५.२६ आणि कौटुंबिक रजेची १४५.२६. दोन किंवा अधिक मालकांची मिळून कपात याहून जास्त असेल तर जादा रक्कम क्रेडिट म्हणून परत मिळते. पती आणि पत्नी यांनी आपापला वेगळा फॉर्म भरावा. डब्ल्यू-२ वर या रकमा स्वतंत्र लिहिलेल्या असल्याच पाहिजेत, एकत्र लिहिल्या असतील तर मालकाकडून दुरुस्त प्रत घ्यावी. एकाच मालकाने जास्त कापले असेल तर ते पैसे त्याच्याकडूनच मागायचे असतात.

पाठवण्यापूर्वी आणि पाठवल्यानंतर

मुदत १५ एप्रिलची आहे. मुदतवाढ मिळते, परंतु ती कागद भरण्यासाठी असते. देय कराचा किमान ८० टक्के भाग १५ एप्रिलपर्यंत भरलेला असावा लागतो. वर्षभर राहिलेल्या रहिवाशांसाठी राज्याच्या कर विभागाची विनामूल्य ऑनलाइन भरणी सेवा आहे. न्यूयॉर्कचे विवरणपत्रही भरायचे असल्यास दोन्ही राज्ये एकत्र हाताळणारे सॉफ्टवेअर सोयीचे पडते.

पाठवण्यापूर्वी चार आकडे हातात कागद घेऊन ताडून पाहावेत : न्यू जर्सीचा पगार सोळाव्या चौकटीशी, वैद्यकीय खर्च विम्याच्या हप्त्यासह, भाडे किंवा मालमत्ता कराची रक्कम, आणि एनजे-सीओजेवरचा न्यूयॉर्कचा कर आयटी-२०३ शी. भाडेकरार, भाडे दिल्याच्या बँक नोंदी, औषधांच्या पावत्या आणि न्यूयॉर्कच्या विवरणपत्राची संपूर्ण प्रत एका जागी ठेवावी, कारण विभाग नंतर पुरावा मागतो तेव्हा उत्तरासाठी थोडेच दिवस मिळतात.

मागच्या एखाद्या वर्षी भाड्याची वजावट, एनजे-२४५० किंवा विम्याचा हप्ता राहून गेल्याचे आता लक्षात आले, तर एनजे-१०४०एक्स हा दुरुस्ती फॉर्म भरता येतो. परताव्याचा दावा साधारणपणे मूळ विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षांच्या किंवा कर भरल्यापासून दोन वर्षांच्या आत, यांपैकी जी मुदत नंतर संपते तिच्या आत, करावा लागतो. न्यूयॉर्कने तपासणीत आपला कर बदलला तर न्यू जर्सीचे क्रेडिटही बदलते, आणि तेव्हाही हाच फॉर्म, नव्या एनजे-सीओजेसह, पाठवावा लागतो.